धाकटीनं न वाचलेला फॉर्म

आमच्या घरात कुणीही कागदावर सही करायला पेन उचललं की आई म्हणते, "वाच आधी. नाईतर छोटीसारखं होईन." मग तो बँकेचा कागद असो, लग्नाच्या हॉलची पावती असो, की कुरिअरवाल्याच्या मोबाइलवर बोटानं ओढायची रेघ असो. छोटी म्हणजे माझी धाकटी बहीण. ती चिडत नाही. उलट पाहुणे आले की तीच सुरू करते, "मी कशी येडी, सांगू का?" आणि सांगते: अकरावीचा फॉर्म न वाचता भरला, नको तिथं टिक केली, जीवशास्त्र सुटलं आणि डॉक्टर व्हायला निघालेली पोट्टी इंजिनिअर झाली. सगळे हसतात. मीही हसते. नऊ वर्षं हसत आले. माझं हसू सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा यायचं, पण एवढ्या बारकाईनं माझ्याकडे कोण पाहणार?

ती सांगते ती गोष्ट खोटी आहे. तिला ते माहीत नव्हतं. मला होतं.

आजोबा हातमागावर साड्या विणायचे. बाबा नागपूरच्या महाल भागातल्या एका दुकानात गादीवर बसून साड्या उलगडून दाखवतात आणि आई घरी त्याच साड्यांना फॉल लावते. "तीन पिढ्या झाल्या, आपण साडीतून काही बाहेर निघालो नाई," असं बाबा म्हणायचे. बाहेर निघायचं काम माझ्याकडे आलं होतं. दहावीला मी शाळेत पहिली आले आणि आमच्या सगळ्या नात्यात सायन्सला जाणारी पहिली ठरले. तेव्हापासून घरात शिक्षणाचा कुठलाही प्रश्न निघाला की बाबा हात झटकून मोकळे. "ताईले विचारा. आमाले काय कळते त्यातलं?" खरं म्हणजे मलाही फारसं कळत नव्हतं. पण कुणी विचारलं की बरं वाटायचं, म्हणून मी ठोकून सांगायची. मामाच्या ओळखीचे लोकसुद्धा पोराला घेऊन यायचे आणि मी अकरावीत असताना त्यांच्या पोरांचं भविष्य सांगायची.

बारावीनंतर मी मेडिकलची नीट परीक्षा दिली आणि सपशेल आपटले. काठावर वगैरे नाही, चांगली लांबून. मग ड्रॉप घेतला. म्हणजे वर्षभर कुठल्याही कॉलेजात जायचं नाही, सकाळी रामदासपेठेतल्या क्लासला जायचं, दुपारनंतर घरी बसून तीच पुस्तकं पुन्हा वाचायची आणि भेटेल त्याला "यंदा होईलच" असं सांगायचं. गल्लीतल्या बाया आईकडे साड्या टाकायला येत आणि माझ्याकडे बघून हळूच विचारत, "घरीच राहते का आता?" आई म्हणायची, "अभ्यास करून राहिली." ते वाक्य मला आतल्या खोलीत ऐकू यायचं आणि मी उगाच पानं जोरात उलटायची.

त्याच जूनमध्ये धाकटी दहावी झाली. माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवून. बाबांनी दुकानात पेढे वाटले. मी तिला मिठी मारली, आणि ती मिठी खरी होती हेही सांगते, कारण पुढचं सांगायचं आहे.

तिची हुशारी मला त्याआधीच कळली होती. रविवारी बाबा मटण आणायचे. ती दहावीत गेल्यापासून खाटकाला सांगून बकऱ्याचं दिल न कापता आणायला लावायची. मागच्या मोरीपाशी पेपर पसरून, बाबांच्या दाढीच्या ब्लेडनं ते उघडायची. आई नाकाला पदर लावून ओरडायची, "बाहेर ने ते!" मी त्या वेळी बारावीत, हृदयाचं प्रकरण चार वेळा पाठ केलेली. तरी झडपा कुठल्या बाजूला किती पाकळ्यांच्या, हे माझं दरवेळी उलटं व्हायचं. एकदा तिनं ते दिल नळाखाली धरलं, आत पाणी सोडलं आणि मला हाक मारली. "पाय ताई, पाणी वर जातच नाई. झडप कशी फुगून बंद होऊन राहिली! उजवीकडे तीन पाकळ्या, डावीकडे दोन. मोजून पाय." मी मोजून पाहिलं. त्यानंतर मी ते कधी विसरले नाही. पण ते मला तिनं शिकवलं, हेही विसरले नाही.

तर दहावीनंतर घरात तोच प्रश्न आला, जो त्या दिवसांत नागपुरात प्रत्येक दुसऱ्या घरात असतो. हिनं कशाची तयारी करायची? नीटची, की इंजिनिअरिंगची? बाबा जेवता जेवता म्हणाले, "ताई ठरवन." आणि धाकटीनंही मान हलवली. ती म्हणाली, "मले तर नीटच द्यावीशी वाटते. पण अकरावीले दोन्ही ठेवते, मॅथ्सबी अन् बायोबी. मंग पाहू."

त्या रात्री मी अंथरुणात बोटांवर हिशेब केला. यंदा माझं झालं तर प्रश्नच नाही. पण यंदा नाही झालं आणि मी आणखी एक वर्ष घेतलं, तर ती बारावीत असेल. आम्ही दोघी एकाच टेबलावर, एकाच परीक्षेची तयारी करू. एकाच दिवशी परीक्षेला जाऊ. एकाच दिवशी निकाल लागेल. आणि तिचं होईल. माझं होणार नाही. बाबा पुन्हा पेढे वाटतील आणि मी पुन्हा मिठी मारेन. हे मला इतकं स्पष्ट दिसलं की मी उठून बसले.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या मागे लागले. "तुझं गणित किती चांगलं आहे! जेईई दे. निदान राज्याची सीईटी. नीटमध्ये काय ठेवलंय? इतक्या पोरी मरमर अभ्यास करतात आणि हाती काय येतं? माझ्याकडेच पाहा." हे शेवटचं वाक्य सगळ्यात घाण होतं. स्वतःच्या नापास होण्याचा मी असा वापर केला. तिला माझी कीव यायची, पण तिचं मन काही वळलं नाही. "दोन्ही ठेवते ना ताई," एवढंच म्हणायची.

मग फॉर्म आला. आमच्या क्लासचं एका ज्युनिअर कॉलेजशी जमलेलं होतं. कॉलेज उमरेडच्या पुढे एका गावात. नाव तिथं, परीक्षा तिथं आणि शिकायचं मात्र नागपुरात क्लासला. क्लासमधली बहुतेक मुलं अशीच होती, कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. फॉर्मवर विषयांचे गट छापलेले होते आणि त्यात एक होता कॉम्प्युटर सायन्सचा. तो दोनशे गुणांचा विषय. निम्मे गुण प्रॅक्टिकलचे, म्हणजे हातात पडल्यासारखेच. तो घेतला की मराठीचा पेपर नसायचा. इथवर सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणून मुलांच्या त्यावर उड्या पडायच्या. पण त्या कॉलेजात तो घेतला की गणित ठेवावंच लागे आणि जीवशास्त्र जाई, हे फॉर्मवर कुठंही लिहिलेलं नव्हतं. बायो नुसतं त्या गटात छापलेलं नव्हतं, एवढंच. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीचं असंच झालं होतं, म्हणून मला ते पक्कं ठाऊक होतं.

धाकटी टेबलाच्या त्या बाजूला बसून फॉर्म भरत होती. मी या बाजूला रसायनशास्त्राच्या पुस्तकात पेन्सिलीनं रेघा मारत होते. "दोनशे मार्कांचा विषय घेऊ का?" तिनं विचारलं. "सगळे घेऊन राहिले." मी म्हटलं, घे. ती फॉर्मवर वाकली. बोट ठेवून वाचत होती. तिला वाचताना ओळीखालून बोट फिरवायची सवय आहे, अजून आहे.

"ताई, यात बायो कुठं दिसत नाई."

"ते आपोआप येते वं," मी म्हटलं. "सायन्सच आहे ना. टिक कर."

मी मान वर केली नाही. तिनं टिक केली.

हे एवढंच असतं तर मी आज स्वतःला समजावू शकले असते. अठराएकोणीस वर्षांची पोर, नापास झालेली, घाबरलेली, बोलून गेली. पण ते एवढंच नव्हतं.

ऑगस्टमध्ये कॉलेजातून विषयांची यादी आली आणि धाकटीला कळलं. पहिल्यांदा तिला वाटलं छापायचं राहिलं असेल. मग क्लासमधल्या सरांनी समजावून सांगितलं. घरी येऊन ती दप्तरासकट दारातच बसली आणि रडायला लागली. आई फॉल लावायचं सोडून आली. "काय झालं? कोणी काय म्हटलं?" तिनं सांगितलं. आई म्हणाली, "मंग फॉर्म भरताना वाचला नव्हता का?"

"वाचला होता," धाकटी म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "ताई, मी तुले विचारलं होतं ना? बायो दिसत नाई म्हणून?"

आता मला वाटतं, त्या क्षणी मी "हो" म्हटलं असतं तरी सगळं सावरलं असतं. चुकून सांगितलं असं म्हणाले असते, शिव्या खाल्ल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी धावपळ करून विषय बदलून आणला असता. पण मी कपाळाला आठ्या घालून, आठवल्यासारखं करून म्हटलं, "मले? कधी? मले तर नाई आठवत."

ती गोंधळली. माझ्याकडे बघतच राहिली. मी तिची ताई. बाबा जिला विचारून सगळं करतात ती. मग तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "नाई... विचारलं नसन. मले वाटलं असन विचारलं."

खोटं बोलणं एक. दुसऱ्याच्या डोक्यातली आठवण पुसून टाकणं दुसरं. ते मी केलं, आणि ते इतकं सोपं होतं याची मला अजून भीती वाटते.

बाबांनी तिच्याकडून विषय बदलण्याचा अर्ज लिहून घेतला. त्यांना दुकानातून सुट्टी मिळेना, सणाचे दिवस तोंडावर आलेले. मग माझ्याकडे आलं ते काम. "ताई जाईन. तिले बोलता येते बाबूसंग." मी सकाळची एसटी धरून उमरेडला गेले, तिथून पुढच्या गाडीनं त्या गावात. कॉलेज म्हणजे शेतात उभी एक लांबट इमारत. ऑफिसच्या खिडकीवर पाटी: जेवणाची सुट्टी. मी बाहेर कडुनिंबाखाली बसले. अर्ज हातात होता. धाकटीनं तो दोनदा पक्का करून लिहिला होता, अक्षर नेहमीपेक्षा मोठं आणि गोल. "माझी चूक झाली, मी फॉर्म काळजीपूर्वक वाचला नाही, तरी कृपया मला जीवशास्त्र विषय मिळावा," असं त्यात होतं.

अर्ध्या तासानं खिडकी उघडली. आत बाबू दिसला. पाटी काढून तो चहा पीत बसला होता. माझ्यापुढे कुणीही नव्हतं. दहा पावलं होती. तेवढ्यात रस्त्यावर उमरेडकडे जाणारी गाडी आली. मी गाडीत चढले.

कुणी ढकललं नव्हतं, उशीर झाला नव्हता, काही नव्हतं. चढले. उमरेडला गाडी बदलताना भूक लागली म्हणून भजी घेतली. नागपूरच्या गाडीत खिडकीशी बसून ती खाल्ली आणि तेलकट हात पुसायला काही नव्हतं म्हणून त्या अर्जाला पुसले. हे मी ठरवून केलं का? नाही. हाताशी कागद होता. पण तो कुठला कागद आहे ते मला माहीत होतं. मग बोळा करून खिडकीबाहेर टाकला.

घरी आल्यावर सांगितलं, "होत नाई म्हणते बाबू. तारीख गेली."

बाबांनी विचारलं, "तू बरोबर सांगतलं ना त्याले?"

"हो बाबा. खूप सांगतलं."

धाकटी त्या दिवशी रडली नाही. माझ्यासाठी तिनं पाणी आणलं. म्हणाली, "माह्यामुळे तुले उन्हात जा लागलं."

पुढचं लवकर सांगते. पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा नीट दिली. एमबीबीएसला लागतील एवढे गुण आले नाहीतच. आयुर्वेदाच्या कॉलेजात जागा मिळत होती, बाबा म्हणाले, "घे माय, डॉक्टरच आहे तो पण." मी घेतली. म्हणजे ज्या परीक्षेला धाकटी माझ्या शेजारी बसू नये म्हणून मी हा सगळा उपद्व्याप केला, त्या परीक्षेला नंतर मीच बसले नाही. धाकटीनं ती दिली असती, तेव्हा आमच्या दोघींत ती मैदानात एकटीच असती. माझं काहीही वाकडं झालं नसतं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी होस्टेलच्या मेसमध्ये जेवत होते आणि ताट तसंच ठेवून उठले.

धाकटीनं सीईटी दिली, कॉम्प्युटरला गेली, आता एका कंपनीचं काम घरी बसून करते. आमच्या जुन्याच टेबलावर. माझ्यापेक्षा जास्त कमावते. मी धंतोलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात आरएमओ आहे. म्हणजे मोठे डॉक्टर घरी गेले की रुग्णांकडे लक्ष ठेवायचं, सलाइन, इंजेक्शन, नातेवाइकांची समजूत. विदर्भाच्या कुठल्या कुठल्या गावांतून लोक येतात, आणि मला "डॉक्टर मॅडम" म्हणतात. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की हिचं तर चांगलंच झालं. सोन्यासारखी नोकरी आहे. मी केलं ते तिच्या पथ्यावरच पडलं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की त्यावरूनच समजावं, ते मला पटलेलं नव्हतं. खाई त्याला खवखवे.

गेल्या वर्षी बाबांच्या छातीत दुखलं. मी त्यांना माझ्याच हॉस्पिटलात आणलं. अँजिओग्राफीनंतर हृदयाचे डॉक्टर आम्हाला पडद्यावर चित्र दाखवत होते. मी रोज त्यांच्या मागे फिरणारी, मी मान डोलावत होते. धाकटीनं विचारलं, "सर, हा ब्लॉक फांदी फुटते त्याच्या आधी आहे का नंतर? आधी असन तर मंग दोन्हीकडचं रक्त कमी होईन ना?" डॉक्टर वळले. "तुम्ही मेडिकलच्या का?" ती हसली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नाई सर, डॉक्टर ही आहे. मी फॉर्म न वाचणारी." डॉक्टरांना काही कळलं नाही, पण ते हसले. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. बाबा बरे झाले. घरी आल्यावर सांगेन असं ठरवलं होतं. नाही सांगितलं. मूग गिळून बसायची मला तोवर चांगली सवय झाली होती.

या वर्षी जूनमध्ये, एका रविवारी दुपारी, मामी उमरेडहून तिच्या मुलीला घेऊन आली. माझी ही मामेबहीण नुकतीच दहावी झालेली. केस घट्ट वेणीत बांधलेले, हातात मामाचा मोबाइल. आई खाली बसून फॉल लावत होती. धाकटीला रविवारीसुद्धा काम होतं, ती टेबलावर लॅपटॉप उघडून, एका कानाला हेडफोन लावून टाइप करत होती. बाबा आत झोपलेले.

मामी म्हणाली, "आता तुमीच सांगा वं पोरींनो, हिनं कोणत्या परीक्षेची तयारी करायची ते. आमाले तर काही समजत नाई."

धाकटी टाइप करता करता म्हणाली, "ताईले विचार. मले विचारशीन तर फसशीन."

सगळ्या हसल्या. आईनं दातानं दोरा तोडला आणि तिचं वाक्य म्हटलं, "अन् फॉर्म वाच हो बाई. नाईतर छोटीसारखं होईन."

मीही हसले, नेहमीसारखी, उशिरा.

मामेबहिणीनं मोबाइल माझ्यापुढे धरला. आता सगळं ऑनलाइन झालं आहे, पण गट तेच. "ताई, मले तर नीटच द्याची आहे. पण आमच्या इथचे एक सर म्हणाले का हा कॉम्प्युटर सायन्सवाला गट घे, दोनशे मार्क हातचे. अन् नीटची तयारी चालू ठेव. यात बायो दिसत नाई. पण सायन्सच आहे तर ते राहतेच ना?"

तिचं बोट त्या चौकटीवर होतं. कॉलेजही त्याच भागातलं.

माझ्या हातात पाण्याचा पेला होता. मी तो खाली ठेवला. "सरांना पुन्हा विचारून घे," असं म्हणून मला सुटता आलं असतं. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. धाकटी माझ्यापासून चार हातांवर बसली होती आणि हेडफोन एकाच कानाला होता. पण ही पोरगी टिक करणार होती. मी काही बोलले नाही तर ती टिक करणार होती, आणि ऑगस्टमध्ये कुठल्या तरी दारात दप्तरासकट बसून रडणार होती.

"नको घेऊ," मी म्हटलं. "गणित, जीवशास्त्र, दोन्ही ठेव. चारही विषय. परीक्षा मागाहून ठरव. यात बायो दिसत नाई ना, म्हणजे नसतेच ते. आपोआप येत नाई."

टाइप करण्याचा आवाज थांबला.

मामेबहीण म्हणाली, "पण इथं तसं लिहिलेलं नाई."

"लिहिलेलं नसते. मले माहीत आहे."

धाकटीनं हेडफोन काढला. खुर्ची वळवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीतरी जुनं शोधत असल्यासारखी ती माझ्याकडे बघत होती. "आपोआप येते," ती हळू म्हणाली. "तू म्हटलं होतं. ते आपोआप येते वं. टिक कर." मग, "ताई, तुले तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"तेव्हाच?"

"तेव्हाच. तू विचारलं होतं मले. मी खोटं सांगतलं." आता तोंड उघडलंच होतं. राहिलेलंही बाहेर आलं, ते कुणी विचारलं नसतानाही. "अन् बाबूले बी मी काही विचारलं नव्हतं. खिडकीपर्यंत गेली, अन् तशीच गाडीत बसून आली. अर्ज फेकून देला."

मामीला काही कळेना, ती एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. आईच्या मांडीवरची साडी घसरून खाली आली होती.

"काहून?" धाकटीनं विचारलं.

नऊ वर्षांत या प्रश्नाची मी शंभर उत्तरं तयार केली होती. वय, दडपण, बाबांच्या अपेक्षा. त्यातलं एकही तिच्यासमोर टिकणारं नव्हतं. "तू माह्यापुढे गेली असती म्हणून," मी म्हटलं. मला तिच्या जवळ जायचं होतं, पण कुठल्या तोंडानं जाणार?

मला वाटलं ती ओरडेल. मला तेच हवं होतं, खरं सांगते. तिनं शिव्या दिल्या असत्या, हातातलं काही फेकून मारलं असतं, तर माझ्या वाट्याचं मला थोडं तरी मिळालं असतं. तिनं लॅपटॉप बंद केला. उठली आणि आईच्या समोर जाऊन खाली बसली. घसरलेली साडी उचलून तिनं आईच्या मांडीवर ठेवली, काठ सरळ केला.

"आई," ती म्हणाली, "मी वाचला होता फॉर्म."